जाऊन येते

पळै, १९ जानेवारी २०१८

मलर पोरी,

अक्षर ओळखलंस ना? चौथीत सुटलेली शाळा. एकेक अक्षर वेगळं बसतं आणि ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी वर चढत जाते. फोनवर माझा आवाज आला की तू काही न बोलता ठेवून देतेस, याला अकरा वर्षं झाली, म्हणून म्हटलं आता कागद पाठवून बघू. पोस्टातल्या बाईनं पाकिटावर पत्ता घालून दिला. बर्गेन कुठे आलं, म्हणाली. मी म्हटलं नॉर्वेत, सारखा पाऊस पडतो आणि माझी मुलगी इस्पितळातल्या फरशा पुसते ते गाव. एवढं पाकिटावर मावायचं नाही, म्हणाली.

बातमी आनंदाची आहे, ती आधी सांगते, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल. आपल्या ताडांच्या तुकड्याकडचे सुरुंग काढायला माणसं आली.

माणसं म्हणजे बायकाच. निळे कपडे, छातीवर जड अंगरखा, तोंडावर काचेची झडप. आधी मला वाटलं, या वाळूत मधमाश्या कोणी पाळल्या? पण त्यांच्या हातात दाताळी होती. आपण अंगणातला पाचोळा ओढतो ना, तशीच, फक्त दांडा लांब. गुडघ्यावर बसायचं आणि वाळू हळूहळू आपल्याकडे ओढायची, बोटभर, मग आणखी बोटभर. दिवसभरात एका चटईएवढी जागा. मी म्हटलं, बायांनो, असं केलंत तर माझी अंत्ययात्रासुद्धा तुम्हालाच काढावी लागेल. त्यांच्यातली एक हसली. तिचं नाव नित्यकला, आम्ही कला म्हणतो. तिचा नवराही लढाईत गेला, दोन मुली आहेत, आणि सख्ख्या नातीसारखी मला आची आची करत दिवसभर छळते.

यंदा पोंगलचं दूध उतू गेलं ते सरळ पूर्वेकडे, तेव्हाच मी ओळखलं होतं काहीतरी येतंय. शेळीला करडं होतील एवढंच वाटलं होतं. करडंही झाली, दोन.

आणि आता ऐक, गंमत. त्यांनी रस्त्यात एक पाटी रोवली. तांबडा झेंडा, त्यावर निळी फुली, फुलीला पांढरा काठ. कलाने वाचून दाखवलं, नॉर्वेच्या लोकांकडून मदत. मी विचारलं, "लोक म्हणजे कोण? तिथला राजा?"

"राजा नाही गं आची. लोक. पगारातून कर कापतात ना, तो."

"फरशी पुसणाऱ्या बाईच्या पगारातून पण?"

"तिच्या तर आधी."

मग मी शेळी सोडून दिली आणि त्या पाटीच्या सावलीत जाऊन बसले, दुपार कलेपर्यंत. तू म्हणाली होतीस, त्या जमिनीसाठी माझ्याकडून एक दमडी मिळायची नाही. बघ, तुझ्या नकळत गेली की. प्रत्येक दाताळ्याच्या एका दातावर तुझा हात आहे असं मला दिसायला लागलं. कोणता दात ते नाही कळलं.

मला मदतीचं घर मिळालं ते रस्त्याच्या या बाजूला. दोन खोल्या, पत्रा, दारात बसलं की वाळूचा रस्ता, पलीकडे तार, तारेपलीकडे आपला तुकडा. तुझ्या वेळच्या ताडांतले निम्मे आता नुसते खांब आहेत, डोकी उडालेली. जिवंत तेवीस. विहिरीजवळचा अजून फळ धरतो, त्याला कोणी सांगितलंच नाही की लढाई झाली.

तुला वाटेल ही तारेपलीकडचे ताड कसे मोजते. मोजते. दुपारी भात खाऊन चटईवर आडवी झाले की मी तिकडे जाऊन येते. तार आडवी येत नाही. वाळूत पाय रुततात पण ठसे उठत नाहीत. विहिरीत बादली सोडते, दोर संपता संपत नाही, आणि खूप खालून, दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीतून यावा तसा पाण्याचा आवाज येतो. तुझे अप्पा कठड्यावर बसलेले असतात. सरकून मला जागा देतात. जाग येते तेव्हा चटईवर वाळू असते. वाऱ्यानं आली म्हणशील. म्हण.

काल त्यांचा पाहणी करणारा आला, योगराजा, फार गंभीर माणूस, चहात बुडवलेलं बिस्कीटसुद्धा विचार करून खातो. त्याच्या हातात काचेची पाटी होती. त्याने विचारलं, आची, या तुकड्यात कोणाचं जाणंयेणं आहे का? मी म्हटलं, आहे तर, मी रोज जाऊन येते. कधी काही झालं का? मी म्हटलं, मला काय होणार. त्याने काचेवर बोट फिरवलं. मग घरात कोणाला अपघात, म्हणून विचारलं. मी सांगितलं, यजमान, २००३ साली, रस्त्याकडेच्या चरात. ते त्याच्याजवळ होतंच. नकाशावर रस्त्याच्या कडेला लाल ठिपका होता, एवढासा, कुंकवासारखा.

इनिया कशी आहे? नाव तुझ्या चुलतभावाकडून कळलं. आठ वर्षांची ना? पुढचे दात पडले असतील. तिला एक अम्मम्मा आहे हे तिला ठाऊक आहे का, एवढंच मला कळलं तरी पुरे.

तुझी अम्मा


पळै, ११ मार्च २०१८

मलर,

पहिलं पत्र मिळालं असेल, नसेल. मी उत्तराची वाट बघत नाही. खोटं कशाला लिहू, बघते.

एक घोळ झालाय आणि तो मीच केलाय. सांगते, पण हसू नकोस. किंवा हस, हसलीस तर बरंच होईल.

त्या बायका लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत येतात. लाल म्हणजे इथून पुढे पाय नाही. जागा साफ झाली की पांढऱ्या. मी रोज दारातून बघायची, लाल रांग येतेय, येतेय, आज शिवमंदिराच्या तळ्यापाशी, आज थोरल्या मास्तरांच्या बांधापाशी. लग्नघरी वऱ्हाडाची वाट बघावी तशी बघत होते. परवा रांग आपल्या तारेपाशी आली आणि वळून पलीकडे निघून गेली. पाण्यानं दगडाला टाळावं तशी.

मी कलाला विचारलं, तिने योगराजाला विचारलं. त्याने काच दाखवली. आपल्या तुकड्यासमोर लिहिलं होतं: वापरात. धोक्याचा पुरावा नाही.

कलाने माझं मनगट धरलं, चांगलं दाबून. "आची, तू खरंच आत जातेस? त्या तारेच्या आत?"

"जाते म्हणजे, दुपारी. झोपल्यावर."

ती वाळूत खाली बसली. इतकी हसली की तिच्या तोंडावरच्या काचेवर वाफ धरली. मग काच वर केली, डोळे पुसले, आणि हसणं एकदम थांबलं. म्हणाली, आची, तुला कळत नाहीये. पैसे येतात ते खेपेखेपेने. या खेपेत बारा तुकडे. जूनच्या शेवटी यादी पक्की होऊन पैसे देणाऱ्या देशाकडे जाते, यादीतलं काम झालं की आम्ही खुंट्या गोळा करून मुल्लैतीवूकडे जाणार. मागे राहिलं ते राहिलं, पुढे कोणता देश येईल त्याच्या मर्जीवर. मी विचारलं, कधी येईल? ती म्हणाली, येईल तोवर मीच म्हातारी झालेली असेन. माझं वय तिनं हिशेबात धरलंच नाही. तेवढी लाज आहे पोरीला.

योगराजाला आम्ही दोघींनी सांगितलं की ही झोपेत जाते. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडे तीन रकाने होते, रोज, कधीकधी, आणि मुळीच नाही. झोपेचा रकाना नव्हता. तो म्हणाला, रोज हे मी खोडतो, ती माझ्या ऐकण्यातली चूक धरू. भला माणूस. पण नुसतं खोडून भागत नाही, आत काही आहे याचा पुरावा लागतो. कोणाचं जनावर गेलं, कोणी काही पाहिलं, कोणाला काही झालं. तुमच्या बाजूला एकच ठिपका आहे, आणि तो रस्त्यावर.

तो रस्ता तर त्यांनी आधीच तपासला होता. कलाच्या तुकडीने फेब्रुवारीत तीन आठवडे तो चर दाताळ्यांनी ओढला, उन्हात, गुडघ्यांवर. एक चमचा सापडला, सायकलची घंटी सापडली, एक प्लास्टिकचा पिळ्ळैयार सापडला, सोंड तुटलेला, तो मी देवघरात ठेवलाय. सुरुंग नाही, सुरुंगाची कपचीही नाही. मी त्यांना रोज दहाला कोरा चहा न्यायची आणि तोंडात धरायला ताडगुळाचे खडे, प्रत्येकीला एक. कला म्हणायची, "आची, इथे माणूस गेला म्हणतेस, तर लोखंडाचा एक तुकडा तरी मिळायला हवा ना." मी म्हणायची, समुद्रानं नेला असेल. समुद्र दीड मैलावर.

चहा मात्र मी चांगला करायची.

आज दुपारी पण जाऊन आले. बादली सोडली नाही. तुझे अप्पा सरकले नाहीत, बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होते.

मलर, तू निघालीस तो दिवस आठवतो? बस त्या पिंपळाखाली उभी होती, तुझ्या हातात पिशवी, आणि तू म्हणालीस, "जाते." आपल्यात असं कोणी म्हणतं का? शेजारीण पीठ मागायला येते, ती सुद्धा दारातून वळताना जाऊन येते म्हणते. मी तिथल्या तिथे अडवायला हवं होतं, जाते नाही गं, जाऊन येते म्हण. जिभेवर होतं माझ्या. पण आपलं तेव्हा बोलणं नव्हतं ना. मी शेळीच्या दोराची गाठ सोडवत राहिले. गाठ नव्हतीच त्याला.

अम्मा


पळै, ३ जून २०१८

मलर,

पाकिटावर नॉर्वेचं तिकीट आणि परकं अक्षर बघून तू हे उघडशील असं कला म्हणते. उघडलंस ना? मग आता मिटू नकोस.

हे पत्र एक उंच बाई घेऊन येते आहे. तुमच्याकडची, पैसे देणाऱ्या कचेरीतली. आज ती काम बघायला आली. ताडाखाली कापड बांधलं, खुर्च्या मांडल्या, आणि गावातर्फे आभार मानायला कोण, तर मी. कलाने माझं लुगडं इस्त्री करून आणलं होतं, इतकं कडक की बसताना कुरकुरलं. उंच बाईनं विचारलं, जमीन मोकळी झाली की तुम्ही काय कराल? मी म्हटलं, पाणी काढीन. मग त्या विहिरीचं पाणी कसं गोडं आहे, आजूबाजूच्या सगळ्या खाऱ्या आणि हीच कशी गोडी, सासऱ्यांनी खणली तेव्हा काय झालं, बादली कुठून आणली, सगळं सांगितलं. दुभाष्याने ते दोन शब्दांत उरकलं. मी त्याला म्हटलं, बादली राहिली. तो म्हणाला, आची, बादली त्यातच आली.

मी बाईला विचारलं, बर्गेनमध्ये माझी मलर आहे, तुम्ही ओळखता का? ती ओळखत नाही. पण म्हणाली, पत्र असेल तर द्या, मी पुढच्या आठवड्यात घरी पोचले की तिथल्या पेटीत टाकते, दुसऱ्या दिवशी मिळेल. मी म्हटलं, आहे पत्र. नव्हतं. आता ते लोक जेवायला बसलेत, पुट्टू आणि खेकड्याचा रस्सा आहे, खेकडा खायला त्यांना वेळ लागेल, तेवढ्यात लिहिते.

पहिल्या पत्रात मी तुला सुद्धा लिहिलं की अप्पा रस्त्याकडेच्या चरात गेले. पाहिलंस? तुला. तू तिथे उभी होतीस आणि तुला मी हे लिहिलं. पंधरा वर्षं हात त्याच रुळावरून चालतोय.

आता खरं लिहिते. लिहून झालं की उंच बाईला देईन, मग परत घ्यायची सोय नाही.

आवणी महिना होता. लढाई थांबलेली, आपण नुकते परतलेलो. विहिरीजवळच्या ताडाची फळं पिकून काळी झाली होती आणि वास रस्त्यापर्यंत यायचा. मला त्याच्या गराची पोळी वाळवायची होती, तुला आवडते म्हणून, हे मात्र खरं. अप्पा म्हणाले, तार लावलीय, काढणारे येतील तोवर थांबू. मी म्हटलं, पंधरा पावलं तर आहेत. ते जागचे हलले नाहीत. तेव्हा मी हसून म्हणाले, "राहू द्या. तुम्ही पाट्यावर बसून नारळ खवा. मीच जाते."

त्यांनी फळं ओढायची आकडी भिंतीवरून काढली, काठीसकट, आणि तारेखालून वाकून गेले. जाऊन येतो म्हणाले. ते म्हणायला ते विसरले नाहीत. तू माझ्या मागे होतीस, टोपली घेऊन.

पुढचं तुला ठाऊक आहे. विहिरीचा दोर आपण दोघींनी फेकला, त्यांनी दंडाला गुंडाळला, आणि त्यांच्याच पावलांच्या खुणांवरून आपण त्यांना ओढत रस्त्यापर्यंत आणलं. लोक धावत आले तेव्हा ते चरात होते. कोणीतरी म्हणालं, चरात होता वाटतं सुरुंग. मी हो म्हटलं. घरात त्यांची आई होती, डोळ्यांनी अधू, ती माझ्या हातचं खाऊन जगत होती. मी पाठवलं हे तिला सांगून मी तिला कसं भरवणार होते? तू म्हणालीस, अम्मा, खरं सांग, निदान आजीला सांग. मी तुझ्या तोंडात मारली. आजी जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी सांगितलं नाही. सवय झाली.

काल कलाला आणि योगराजाला सांगितलं. कलाने उठून माझ्यासाठी चहा करून आणला, माझ्याच चुलीवर. योगराजा म्हणाला, "आची, आधी तुम्ही रस्ता म्हणालात. मग रोज जाते म्हणालात. आता तिसरंच सांगता. माझे साहेब एकट्या तुमच्या शब्दावर ठिपका हलवणार नाहीत. दुसरं कोणी होतं का तिथे?"

तू होतीस.

महिनाअखेरपर्यंत त्याच्या कचेरीत तुझा कागद यायला हवा, पत्ता आणि कलाचा फोन नंबर दुसऱ्या बाजूला तिच्याच अक्षरात आहे. कुठे, किती पावलांवर, एवढंच लिही. मला तू माफ कर, नको करू, तो तुझा मामला. ठिपका तेवढा हलव. तार तशीच राहिली तर मी तशीच दारात बसून राहीन, माझं काय. पण फळं पिकली की वास रस्त्यापर्यंत येतो, मलर, आणि आता इथे दुसऱ्यांची पोरं राहायला आलीत.

खेकडा संपला. बाई हात धुतेय.

अम्मा


पळै, ३० जून २०१८

मलर,

परवा आला तुझा कागद. यादी बंद व्हायला दोन दिवस होते. योगराजा मोटारसायकलवरून आला, पाय टेकायच्या आधीच त्याने मान हलवली, आणि तेवढ्यावरून मला कळलं. चहा घेतो का विचारायचं सुद्धा मी विसरले. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही.

त्याने सगळं वाचून दाखवलं. आधी चित्र दाखवलं. विहीर, सात ताड, तार, तारेत वाकलेला खांब, आणि एक फुली. तो खांब वाकला होता हे मी विसरले होते. तुझा हात चांगला आहे, शाळेत असताना तू कोंबड्या काढायचीस त्या सुद्धा चालायला लागतील अशा असायच्या. कठड्यापासून नऊ पावलं, तिसऱ्या ताडाच्या उत्तरेला, असं लिहिलंयस. मी पंधरा म्हणत होते, ते तारेपासून. बरोबरच आहे दोन्ही.

मग त्याने मजकूर वाचला. वडील आत गेले. वर बघून त्यांनी फळं मोजली, सात आहेत असं मोठ्याने म्हणाले. इथवर मला आठवतं, सात म्हणताना ते हसले होते.

पुढे तू लिहिलंयस, आईने दोनदा हाक मारली, परत फिरा म्हणून. त्यांनी ऐकलं नाही.

मी त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, तिसऱ्यांदा त्याने मोठ्याने वाचली आणि शेळी दचकली.

मी हाक मारली होती का, मलर? मला आठवत नाही. त्या दुपारपाशी मी रोज जाते, इतक्या वर्षांत हजारदा गेले असेन, मला कधी माझा आवाज ऐकू आला नाही. माझ्या आठवणीत मी टोपलीची कड नीट करत उभी आहे. तू हे खरं लिहिलंस, की माझ्यासाठी लिहिलंस? विचारणार नाही. हा प्रश्न मी इथे लिहिला आहे पण तो विचारलेला नाही असं धर.

आपला तुकडा यादीत तेरावा लागला. बारांच्याच पैशात तेरा बसवले, कलाच्या तुकडीने सुट्टीचे दोन शनिवार त्यात घातले. मी त्यांना सांगितलं, जेवण माझ्याकडे. कला म्हणाली, आची, तुझ्या हातचं खाण्यापेक्षा सुरुंग बरे. माझ्याकडे मटणाची फर्माईश मात्र करून गेली.

काल दुपारी झोपच लागली नाही. चटईवर पडून खुंट्यांवर हातोडी पडताना ऐकत होते. टक, टक. आपल्या तारेच्या आत.

अम्मा


पळै, २३ सप्टेंबर २०१८

मलर,

फोनवर सगळं बोलता येत नाही. तू तर काहीच बोलली नाहीस, तरी म्हणते. म्हणून पुन्हा कागद.

अकरा निघाले. विहिरीपासून तारेपर्यंत एका ओळीत, कोणी भाजी लावावी तसे, दोनदोन पावलांवर. हिरवे, एवढेसे, पोळपाटावरच्या लाटीएवढे. एकेक सापडला की कला हात वर करायची, सगळ्या थांबायच्या, आणि ती जागेवर बसून राहायची, अंडं सापडल्यासारखी. दुपारी चारला भोंगा वाजायचा, मला आणि शेळीला मंदिराच्या पलीकडे नेऊन बसवायचे, मग एकदाच आवाज. पहिल्या दिवशी मी कान झाकले. पुढे नाही झाकले. त्या आवाजानंतर जमीन हलकी झाल्यासारखी वाटायची, ओझं उतरवून कोणी खांदे हलवावेत तशी. ताडफळं पण याच दिवसांत पडतात ना, धप्प, धप्प. इतकी वर्षं फळ पडलं की माझा जीव वर यायचा. आता पडलं की वास येतो, एवढंच.

तुझ्या फुलीपाशी खड्डा मिळाला, वाळूनं भरलेला. आणि बाराव्याचे तुकडे. दाताळ्याला काहीतरी अडकलं म्हणून कलाने बोटांनी माती काढली, तर आकडी निघाली. लोखंड तेवढं, काठी वाळवीनं खाल्ली. तिने ती धुवून, फडक्यात गुंडाळून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग तिने विचारलं, अजून फळं ओढता येतील का हिने? मी म्हटलं, धार लावली तर.

आता परवाचं. कलाचा फोन वाजला, तिने नंबर बघितला आणि पळत माझ्याकडे आली, झडप तशीच तोंडावर. मी कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास. तुझा श्वास मला कळतो, तू लहानपणी चिडलीस की नाकातून घ्यायचीस तो. मी पण बोलले नाही. म्हटलं बोलले तर ठेवेल. किती वेळ गेला कोण जाणे, तिकडे पाऊस पडत होता, तो ऐकत बसले. मग तू म्हणालीस, "थांब," आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"अम्मम्मा, तुझ्या विहिरीत मासे आहेत का?"

मी म्हटलं, बघितले नाहीत अजून. बघून ये, म्हणाली. शब्द कसे दाताच्या फटीतून सुटतात तिचे, पुढचे दोन पडलेत ना? शिट्टी वाजते. मग तिने मला सगळं सांगितलं, शाळा, बर्फ, एक मैत्रीण जी खोटं बोलते, एक मांजर जी यांची नाही पण यांच्याकडेच जेवते. मला अर्धं कळलं. मध्येच म्हणाली थांब हं, मी पाणी पिऊन येते. पाणी पिऊन आली. मग म्हणाली, आता अम्मा बोलावतेय, मी झोपून येते. झोपून येते! आणि शेवटी म्हणाली, "ठेवून येते, अम्मम्मा."

फोन ठेवून येते असं कोणीही म्हणत नाही, मलर. हे तिचं तिनेच जुळवलंय. पण जाताना नुसतं जाते म्हणायचं नाही, एवढं तिला कोणीतरी शिकवलंय, आणि चांगलं घोटून शिकवलंय. तिथे दुसरं कोण आहे तिला शिकवायला.

मी फोन कलाला परत दिला. तिने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, येते म्हणाली.

आज सकाळी पाटीखाली टेबल मांडून योगराजाने कागद वाचला, तुकड्याचा, माझ्या नावाचा. मी सही केली, अंगठा नाही. त्याच्या काचेत लाल ठिपका विहिरीपाशी आला होता, आणि त्याच्याभोवती सगळं हिरवं. लाल खुंट्या उपटून मोटारीत भरल्या, पांढऱ्या तेवढ्या उरल्या. उद्या ही मंडळी मुल्लैतीवूला निघतील. तार त्यांनी माझ्यासमोर कापली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. शेळी माझ्याआधी आत गेली, तिला कसली लाज.

मी अजून दारातच बसले आहे. म्हटलं आधी तुला लिहावं. दुपार कलली, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, आज आडवी झालेच नाही. कला तारेच्या जागी उभी राहून हाक मारतेय, आची, चल, काठी घे, आकडी घे, सात दिसतायत झाडावर. मी तिला म्हटलं, वहाणा घालू की काढू? ती म्हणाली, तुझी जमीन, तू ठरव.

काढल्या.

इनियाला सांग, बादली घेतली आहे. मासे आहेत का ते बघायचं आहे.

जाऊन येते.

अम्मा